शैक्षणिक नेटवर्कसाठी व्हिडिओ स्ट्रीमिंगची आखणी : पाहणाऱ्याच्या टोकापासून मागे

शैक्षणिक संस्थेत व्हिडिओची व्यवस्था उभारायचे ठरले की चर्चा बहुधा कॅमेऱ्यांपासून सुरू होते, मग ती सर्व्हरकडे वळते आणि नेटवर्कचा विषय निघतो तो पहिले थेट प्रक्षेपण अडखळल्यावर. प्रस्तुत लेखात हा क्रम मुद्दाम उलटा घेतला आहे. विद्यार्थी जिथे बसून पाहणार आहे तिथली जोडणी किती भार सोसू शकते हे आधी ठरवायचे आणि तिथून मागे येत कॅश (व्हिडिओच्या प्रती पाहणाऱ्याच्या जवळ साठवणारा सर्व्हर), मुख्य सर्व्हर, एन्कोडिंग (व्हिडिओ आकुंचित करून पाठवण्याजोगा करणे) आणि सर्वांत शेवटी वर्गातला कॅमेरा व मायक्रोफोन निवडायचा. कॅमेरा पुढच्या वर्षीही बदलता येतो. उपकेंद्राकडे जाणारी अरुंद जोडणी किंवा दोन इमारतींमधली अपुरी फायबर मात्र बदलायला मंजुरी, खोदकाम आणि बराच वेळ लागतो. एक मुख्य परिसर, काही उपकेंद्रे, वसतिगृहे आणि घरून पाहणारे विद्यार्थी असलेली मध्यम आकाराची संस्था येथे गृहीत धरली आहे.

पहिली पायरी : कोणत्या प्रकारचा व्हिडिओ हवा ते वेगळे करा

‘आम्हाला स्ट्रीमिंग हवे आहे’ या एका वाक्यात निदान तीन वेगळ्या गरजा दडलेल्या असतात. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान विद्यार्थी आपल्या सवडीने पाहतो. तिथे विलंबाला काही अर्थच नसतो आणि सारे लक्ष साठवण, शोध व सुलभता यांवर द्यावे लागते. समारंभ किंवा अतिथी व्याख्यानाचे एकतर्फी थेट प्रक्षेपण वीस-तीस सेकंद उशिरा पोहोचले तरी कोणाचे बिघडत नाही, मात्र तिथे हजारो जण एकाच मिनिटात जोडले जातात. तिसरा प्रकार परस्परसंवादी वर्गाचा. त्यात प्रश्न विचारायचा असतो, उत्तर लगेच हवे असते आणि म्हणून विलंब अगदी कमी ठेवावा लागतो. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही शिफारस संवादासाठी एका दिशेचा विलंब शक्यतो १५० मिलिसेकंदांच्या आत ठेवायला सांगते आणि ४०० मिलिसेकंदांपलीकडे तो सहसा स्वीकारार्ह मानत नाही.

हे अंतर तांत्रिक निवडीत थेट उतरते. पहिल्या दोन प्रकारांसाठी एचटीटीपी या वेब-पाने पोचवणाऱ्या नियमावलीवर चालणारी, व्हिडिओ तुकड्यांत पाठवणारी एचएलएस किंवा डॅश ही पद्धत योग्य ठरते, तर तिसऱ्यासाठी वेबआरटीसी या ब्राउझरमधील थेट संभाषणाच्या तंत्रावर आधारलेली बैठक-प्रणाली लागते. वेबआरटीसीमध्ये सर्व्हरला प्रत्येक पाहणाऱ्याशी स्वतंत्र, सतत चालू राहणारे संधान ठेवावे लागते आणि वाटेत ठेवलेल्या साध्या कॅशचा तिथे उपयोग होत नाही. म्हणून दोन हजार श्रोत्यांना बैठक-प्रणालीत बसवण्याचा मोह टाळावा. बोलणारे आणि प्रश्न विचारणारे वीस-पंचवीस जण बैठकीत ठेवावेत, त्या बैठकीचे चित्र एचएलएसकडे वळवावे आणि बाकीच्यांनी ते तिथे पाहावे. दूरच्या श्रोत्यांचे प्रश्न लेखी स्वरूपात सूत्रसंचालकाकडे येऊ द्यावेत.

आणखी एक निर्णय याच टप्प्यावर घेऊन टाकावा. प्रत्येक तास थेट दाखवण्याची खरोखर गरज आहे का? माझ्या मते बहुतेक संस्थांना नाही. थेट प्रक्षेपणात एकाच वेळी चालणारे एन्कोडिंग, देखरेखीसाठी माणूस आणि पर्यायी जोडणी हे सगळे लागते, तर तोच तास मुद्रित करून रात्रीतून प्रक्रिया केला तर खर्च आणि धावपळ दोन्ही पुष्कळ कमी होतात. थेट वाहिन्या एक-दोनच ठेवाव्यात आणि त्या नीट चालवाव्यात.

दुसरी पायरी : एकाच वेळी पाहणारे मोजा

नोंदणीकृत विद्यार्थ्यांचा आकडा आखणीत फारसा कामाचा नसतो; सर्वाधिक गर्दीच्या क्षणी एकाच वेळी किती प्लेअर चालू असतील हा आकडा हवा. समजा संस्थेत ८,००० विद्यार्थी आहेत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्री त्यांतले ८ टक्के एकाच वेळी व्याख्याने पाहत आहेत असे धरले तर ६४० प्लेअर होतात. प्रत्येकाला सरासरी २ मेगाबिट प्रतिसेकंद लागतात असे धरल्यास एकूण भार १.२८ गिगाबिट होतो. एखाद्या समारंभाला २,५०० जण जोडले गेले तर तोच हिशेब ५ गिगाबिटवर जातो. ही टक्केवारी केवळ उदाहरणादाखल आहे. स्वतःच्या संस्थेचा अंदाज वेळापत्रक, अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीतील प्रवेशनोंदी आणि वसतिगृहातील खोल्यांची संख्या यांवरून काढावा आणि आलेल्या आकड्यावर निदान तीस टक्के मोकळीक ठेवावी.

एकूण आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे : हे ६४० जण बसले आहेत कुठे? ते सगळे घरी असतील तर संस्थेच्या इंटरनेट-जोडणीवर बाहेर जाणारा सव्वा गिगाबिटचा भार पडेल. ते वसतिगृहात असतील आणि व्हिडिओ परिसरातल्याच सर्व्हरवर असेल तर भार फक्त अंतर्गत फायबरवर येईल. मात्र ते वसतिगृहात आणि व्हिडिओ बाहेरच्या क्लाउडवर असेल, तर तेच व्याख्यान इंटरनेटवरून शेकडो वेळा आत ओढले जाईल. तेव्हा अंदाज लिहिताना ‘किती’ या स्तंभाशेजारी ‘कुठून कुठे’ हा स्तंभ ठेवावाच.

तिसरी पायरी : अरुंद जोडणी शोधा

आता नेटवर्कचा नकाशा कागदावर काढावा. मुख्य सर्व्हरपासून प्रत्येक इमारत, वसतिगृह, उपकेंद्र आणि बाहेरच्या इंटरनेटपर्यंत जाणारी प्रत्येक जोडणी त्यात दाखवावी आणि प्रत्येकीवर दोन आकडे लिहावेत : प्रत्यक्षात मिळणारी क्षमता आणि गर्दीच्या वेळी आधीच होत असलेला वापर. छापील क्षमतेवर विसंबू नये. १ गिगाबिटच्या इथरनेटवर टीसीपी या नेहमीच्या डेटा-वाहतुकीच्या पद्धतीसाठी सुमारे ९४० मेगाबिट हाती लागतात. क्षमता आयपर्फसारख्या साधनाने मोजावी आणि चालू वापर स्विचवरच्या नोंदींतून निदान दोन आठवड्यांचा घ्यावा. एका शांत दुपारी घेतलेला आकडा फसवा असतो.

एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. एका उपकेंद्राकडे २०० मेगाबिटची जोडणी आहे आणि कामाच्या वेळी तिच्यातले ८० मेगाबिट इतर कामांत जातात. उरलेल्या १२० मेगाबिटमधून १५० विद्यार्थ्यांना प्रत्येकी २ मेगाबिटचा व्हिडिओ, म्हणजे ३०० मेगाबिट, द्यायचे आहेत. हे गणित बसत नाही आणि मुख्य परिसरातला सर्व्हर कितीही मोठा केला तरी बसणार नाही. पण उपकेंद्रात एक कॅश सर्व्हर ठेवला तर थेट प्रक्षेपणाची प्रत्येक आवृत्ती त्या जोडणीवरून एकदाच येते. पाच वेगवेगळ्या बिटरेटच्या, म्हणजे प्रतिसेकंद कमी-जास्त डेटा लागणाऱ्या, आवृत्त्यांची बेरीज ८ मेगाबिट असेल तर ३०० ऐवजी ८ मेगाबिटमध्ये काम भागते. पुढची सारी आखणी याच एका गोष्टीभोवती फिरते.

वाय-फायचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तिथे हवेतला वेळ सर्वांत वाटला जातो आणि जुने किंवा दूर बसलेले एक उपकरण कमी वेगाने बोलू लागले तरी त्याच अ‍ॅक्सेस पॉइंटवरच्या सगळ्यांचा वाटा घटतो. उपकरणावर दिसणारा जोडणीचा वेग आणि प्रत्यक्ष मिळणारा वेग यांत मोठी तफावत असते. आखणीसाठी पहिल्याच्या निम्म्याहून अधिक धरू नये. सभागृहात समोर पडद्यावर चाललेला कार्यक्रम दोनशे जण आपापल्या फोनवरही पाहू लागतात, हा प्रकार विचित्र वाटला तरी नेहमीचा आहे. अशा जागी त्या कार्यक्रमापुरता बिटरेट कमी पातळीवर रोखून धरणे हा साधा आणि रास्त उपाय आहे.

चौथी पायरी : मल्टिकास्ट की कॅश

इथे कोणीतरी मल्टिकास्टचा मुद्दा काढतोच आणि तो अगदी चुकीचा नसतो. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकच प्रवाह सोडतो आणि ज्या ज्या दिशेला पाहणारे आहेत तिकडे राउटर व स्विच त्याच्या प्रती करतात. त्यासाठी २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ हा पत्त्यांचा पट्टा राखलेला आहे आणि संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी त्यातला २३९ ने सुरू होणारा भाग घेतला जातो. गणिताच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत काटकसरीचा आहे.

अडचण व्यवहारात येते. प्रत्येक स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (कोणत्या पोर्टवर पाहणारे आहेत हे ओळखण्याची सोय) चालू असावे लागते आणि नेटवर्कमध्ये क्वेरिअर (प्रवाह कोणाला हवा आहे हे ठरावीक वेळाने विचारणारे उपकरण) असावा लागतो. एखाद्या स्विचवर हे राहून गेले तर प्रवाह त्याच्या सगळ्या पोर्टवर पसरतो. वाय-फायवर मल्टिकास्टच्या पॅकेटांना पोच मिळत नाही आणि ती साधारणतः सर्वांत कमी अशा मूळ वेगाने पाठवली जातात, त्यामुळे चित्र फुटते आणि हवेतला वेळही वाया जातो. सर्वसाधारण इंटरनेटवरून मल्टिकास्ट जात नाही आणि वेब ब्राउझर तो थेट चालवत नाहीत. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे : तारेने जोडलेले, भिंतीवरचे सूचनापडदे आणि प्रयोगशाळांतील सेट-टॉप बॉक्स यांपुरता मल्टिकास्ट वापरावा, विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या उपकरणांसाठी एचटीटीपी आणि कॅश हाच मार्ग धरावा.

पाचवी पायरी : कॅशची मांडणी

एचएलएसमध्ये व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात आणि कोणता तुकडा कुठे आहे हे सांगणारी प्लेलिस्ट ही एक छोटी मजकूर-फाइल असते. अ‍ॅपलने ही पद्धत २००९ मध्ये आणली आणि २०१७ मध्ये ती आरएफसी ८२१६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. एमपेग-डॅश हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले आंतरराष्ट्रीय मानकही याच तत्त्वावर चालते. हे तुकडे म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने साध्या फाइली असतात, म्हणूनच एन्जिनएक्ससारखा सर्वपरिचित वेब सर्व्हर कॅश म्हणून चालतो. खास उपकरण विकत घ्यावे लागत नाही.

यंत्र फार मोठेही लागत नाही. वरच्या उदाहरणातल्या १५० विद्यार्थ्यांनी सर्वांत वरची ३.५ मेगाबिटची आवृत्ती घेतली तरी एकूण ५२५ मेगाबिट होतात, जे १ गिगाबिटच्या एका पोर्टमध्ये बसतात. डिस्कचा अंदाज असा : १ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाचा एक तास म्हणजे ४५० मेगाबाइट. पाच आवृत्त्या मिळून ८ मेगाबिट धरले तर व्याख्यानाचा प्रत्येक तास ३.६ गिगाबाइट जागा घेतो. दहा वर्गखोल्या, रोज चार तास, आठवड्याचे पाच दिवस म्हणजे २०० तास आणि ७२० गिगाबाइट. त्यामुळे २ टेराबाइटच्या एसएसडीवर मागच्या दोन आठवड्यांची सर्व व्याख्याने मावतात आणि विद्यार्थी सहसा तीच पाहतात. परीक्षेच्या तोंडावर मात्र जुनी व्याख्यानेही मागितली जातील, तेव्हा कॅश काही दिवस जास्त उलथापालथ करील हे गृहीत धरावे.

खरी काळजी घ्यायची ती मांडणीच्या बारकाव्यांत. तुकडा एकदा तयार झाला की बदलत नाही, म्हणून कॅशमध्ये राहण्याची त्याची मुदत दीर्घ ठेवावी. थेट प्रक्षेपणाची प्लेलिस्ट मात्र दर काही सेकंदांनी बदलते, म्हणून तिची मुदत एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त नसावी. ही मुदत चुकून एक मिनिट ठेवली गेली तर सगळ्यांचे प्रक्षेपण एकाच वेळी थबकते आणि दोष मात्र एन्कोडरला दिला जातो. ‘फाइल सापडली नाही’ हे उत्तर कॅशने लक्षात ठेवू नये, किंवा ठेवलेच तर एक सेकंदापुरते. कारण प्लेअर कधी कधी तुकडा तयार होण्याच्या क्षणभर आधीच तो मागतो आणि ते नकारार्थी उत्तर मागाहून येणाऱ्या सर्वांना मिळत राहते.

नवा तुकडा तयार होताच शंभर प्लेअर तो एकदम मागतात. अशा वेळी कॅशने मुख्य सर्व्हरकडे एकच मागणी पाठवावी आणि उरलेल्यांना त्या उत्तराची वाट पाहायला लावावे. एन्जिनएक्समध्ये यासाठी कॅश लॉकची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. आठवणीने चालू करावी. तुकड्याच्या पत्त्यात प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे टोकन (प्रवेशाचा संकेतांक) जोडले जात असेल तर कॅशला तोच तुकडा दरवेळी नवा वाटतो आणि तिचा उपयोग शून्यावर येतो. म्हणून टोकनची तपासणी कॅशवरच करावी आणि साठवणुकीची किल्ली, म्हणजे कॅश तुकडा ज्या नावाने ओळखते ते नाव, ठरवताना टोकन वगळावे.

सगळा व्यवहार आता एचटीटीपीएस या सांकेतिक रूपात चालत असल्यामुळे मध्ये गुपचूप बसवलेला प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) काहीच साठवू शकत नाही. कॅशला स्वतःचे नाव आणि स्वतःचे प्रमाणपत्र हवे आणि प्लेअरला त्या नावाकडे पाठवण्याची रीत हवी. त्यासाठी अंतर्गत डीएनएसमधून (नावावरून यंत्राचा पत्ता सांगणाऱ्या सेवेतून) वेगळे उत्तर देणे हा जुना मार्ग आहे, पण हल्ली अनेक ब्राउझर व फोन स्वतःचा सांकेतिक डीएनएस वापरतात आणि तो मार्ग चुकवतात. त्यापेक्षा विद्यार्थी कोणत्या आयपी पट्ट्यातून आला आहे ते वेब-पानाने पाहावे आणि त्यानुसार प्लेलिस्टचा पत्ता द्यावा. कॅश बंद पडल्यास प्लेअरने आपोआप मुख्य सर्व्हरकडे वळावे अशी दुसरी वाटही त्यातच ठेवावी, पण त्या वाटेवर कमी बिटरेटची मर्यादा घालावी. नाहीतर कॅश बंद पडली की पाठोपाठ जोडणीही गुदमरते. घरून पाहणाऱ्यांची संख्या मोठी असेल तर त्यांच्यासाठी बाहेरचे सीडीएन (ठिकठिकाणी कॅश असलेली तयार सेवा) घेणे हे संस्थेची इंटरनेट-जोडणी वाढवण्यापेक्षा बहुधा सोयीचे पडते.

सहावी पायरी : एन्कोडिंग

कोडेकच्या, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करण्याच्या पद्धतीच्या, बाबतीत नावीन्याचा हव्यास नको. २००३ मध्ये आलेला एच.२६४ आजही जवळपास प्रत्येक फोन, संगणक आणि ब्राउझरवर चालतो. एचईव्हीसी व एव्ही१ हे नवे कोडेक कमी बिटरेटमध्ये तेवढीच गुणवत्ता देतात, पण सगळ्या उपकरणांवर त्यांची सोय असेलच असे नाही आणि एन्कोडिंगलाही ते जास्त शक्ती खातात. आधी एच.२६४ ची व्यवस्था स्थिर करावी. मग सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या व्याख्यानांपुरती एव्ही१ ची जोड द्यावी.

प्लेअरला जोडणीच्या वेगानुसार निवड करता यावी म्हणून सुरुवातीला पुढील पाच आवृत्त्या पुरतात : २४० रेषा (चित्राच्या उंचीतल्या आडव्या ओळी) ३०० किलोबिट, ३६० रेषा ६००, ५४० रेषा १,२००, ७२० रेषा २,००० आणि १,०८० रेषा ३,५०० किलोबिट. यांची बेरीज ७.६ मेगाबिट होते आणि ध्वनी धरून ती ८ च्या आसपास जाते. याशिवाय ६४ किलोबिटची केवळ ध्वनीची आवृत्ती द्यावीच. खराब जोडणीवरच्या विद्यार्थ्याला चित्र नसले तरी चालते, पण वाक्य तुटलेले चालत नाही.

सर्व आवृत्त्यांत कीफ्रेम (मागच्या चित्रांवर अवलंबून नसलेली पूर्ण चित्रे) एकाच क्षणी यायला हव्यात, नाहीतर प्लेअर एका आवृत्तीवरून दुसरीवर जाताना चित्र उडी मारते. दर दोन सेकंदांनी कीफ्रेम आणि सहा सेकंदांचा तुकडा ही अ‍ॅपलच्या शिफारशीशी जुळणारी मांडणी आहे. प्लेअर साधारण तीन तुकडे मागे राहतो, म्हणजे १८ सेकंद, आणि प्रक्रियेचा वेळ धरला तर विलंब वीस ते तीस सेकंदांवर जातो. तो कमी करण्यासाठी तुकडा दोन सेकंदांचा करता येतो, पण मागण्यांची संख्या तिप्पट होते आणि जोडणी जराशी डळमळली तरी प्लेअरकडे राखीव साठा उरत नाही. एकतर्फी प्रक्षेपणासाठी हा सौदा क्वचितच फायद्याचा ठरतो. एचएलएस आणि डॅश दोन्ही द्यायचे असल्यास सीमॅफ स्वरूपात तुकडे करावेत, म्हणजे फाइलींचा एकच संच दोघांना पुरतो.

व्याख्यानाचे चित्र हे चित्रपट किंवा खेळाच्या सामन्यापेक्षा मुळातच वेगळे असते. स्लाइड मिनिटभर हलत नाही, पण तिच्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत. म्हणून जिथे शक्य आहे तिथे संगणकाचा पडदा आणि शिक्षक यांचे दोन प्रवाह वेगळे घ्यावेत. पडद्याचा प्रवाह १,०८० रेषांवर पण सेकंदाला पाच ते दहा चित्रांचा ठेवला तर तो बऱ्याचदा १ मेगाबिटच्या आत बसतो, आणि शिक्षकाचे चित्र ३६० रेषांचे असले तरी कोणाची तक्रार येत नाही. फळ्यावर खडूने शिकवले जात असेल तर मात्र ही काटकसर चालत नाही. फळ्याला पूर्ण रेषा आणि चांगला प्रकाश द्यावाच लागतो.

प्रक्रियेच्या क्षमतेचा हिशेबही इथेच मांडावा. रोजचे चाळीस तासांचे मुद्रण आणि रात्रीचे दहा तास उपलब्ध असतील, तर पाचही आवृत्त्या मिळून प्रत्यक्ष वेळेच्या चौपट वेगाने काढणारी यंत्रणा हवी. एक सर्व्हर दुप्पट वेगच देत असेल तर दोन लागतील, किंवा जीपीयूवरील हार्डवेअर एन्कोडर घ्यावा लागेल. एफएफएमपेग या एन्कोडिंगच्या साधनाने आपल्या खऱ्या व्याख्यानाची एक फाइल चालवून वेग मोजावा. विक्रेत्याच्या पत्रकातल्या आकड्यावर खरेदी करू नये.

सातवी पायरी : वर्गखोली

शिक्षकाला कॉलर-मायक्रोफोन द्यावा आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांसाठी छतावर किंवा फिरता दुसरा मायक्रोफोन ठेवावा. तो नसेल तर शिक्षकाने प्रश्न पुन्हा उच्चारण्याची सवय लावून घ्यावी. ध्वनीची उच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी मांडणी केली म्हणजे मोठा आवाज फाटत नाही. कॅमेऱ्यावरच्या मायक्रोफोनवर कधीही अवलंबून राहू नये.

खोलीतला एन्कोडर प्रवाह पाठवत असतानाच स्वतःच्या कार्डावर किंवा डिस्कवरही मुद्रण करत राहील याची खात्री करावी. नेटवर्क गेले तरी तास वाचतो. परिसराच्या आत आरटीएमपी या थेट प्रवाह पाठवण्याच्या पद्धतीने पाठवणे पुरेसे आहे, शक्यतो त्याच्या सुरक्षित आरटीएमपीएस रूपात. उपकेंद्रातून किंवा बाहेरच्या सभागृहातून इंटरनेटवरून पाठवायचे असेल तर एसआरटी घ्यावे, कारण ते हरवलेली पॅकेट पुन्हा मागवते आणि प्रवाह सांकेतिकही करते. एसआरटीमधला विलंब जाण्या-येण्याच्या वेळेच्या निदान तीन-चार पट ठेवावा. त्यात मुळात ठरवलेले १२० मिलिसेकंद लांबच्या जोडणीला अपुरे पडतात.

आठवी पायरी : प्रवेश, संमती, उपशीर्षके

विद्यार्थ्याला नवे खाते आणि नवा पासवर्ड देऊ नये. संस्थेचा एकत्रित प्रवेश एसएएमएल या एका खात्याने सगळीकडे प्रवेश देणाऱ्या मानकावर असेल तर तोच वापरावा आणि अध्ययन-व्यवस्थापन प्रणालीतून एलटीआयने (शैक्षणिक प्रणाली एकमेकींना जोडणाऱ्या मानकाने) व्याख्यान उघडावे, म्हणजे कोणता विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमात आहे हे पुन्हा नोंदवावे लागत नाही. काही तासांत मुदत संपणारा स्वाक्षरीयुक्त पत्ता बहुतेक व्याख्यानांना पुरतो. डीआरएमची (नक्कल रोखणाऱ्या कुलुपांची) जड व्यवस्था, एखाद्या प्रकाशकाची अट नसेल तर, करूच नये.

मुद्रण चालू असल्याचा दिवा वर्गात सर्वांना दिसेल असा असावा आणि शिक्षकाच्या हाताशी ‘थांबवा’ हे बटण असावे. विद्यार्थ्यांचे आवाज आणि चेहरे मुद्रणात येतात, त्यांची संमती आणि मुद्रण किती काळ ठेवणार हे लेखी ठरवावे. दुसऱ्याचे चित्रपटखंड किंवा छायाचित्रे वर्गात दाखवणे आणि तीच मुद्रित करून पुरवणे या कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या गोष्टी असू शकतात. तेवढ्या भागाचे मुद्रण वगळण्याची सोय संपादनात ठेवावी.

उपशीर्षके ही नंतर करायची गोष्ट नव्हे. वेब-सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषांत मुद्रित व्हिडिओची उपशीर्षके सर्वांत मूलभूत ‘ए’ पातळीवर येतात, तर थेट प्रक्षेपणाची उपशीर्षके ‘एए’ पातळीवर. यंत्राने काढलेला मजकूर पारिभाषिक शब्द, विशेषनामे आणि सूत्रे यांत हमखास चुकतो, त्यामुळे तो तपासणाऱ्या माणसाचा वेळ मनुष्यबळाच्या अंदाजात आधीच धरावा. उपशीर्षकांची वेबव्हीटीटी फाइल अगदी लहान असते, नेटवर्कवर तिचा भार नसतो, आणि तिच्यामुळे व्याख्यानात शोध घेता येतो. एखादी संकल्पना नेमकी कोणत्या मिनिटाला आली हे विद्यार्थ्याला सापडते.

नववी पायरी : साठवण

वर्षाचे तीस आठवडे धरले तर आपल्या उदाहरणात ६,००० तास होतात. पाच आवृत्त्यांना २१.६ टेराबाइट आणि ६ मेगाबिटच्या मूळ मुद्रणाला आणखी १६.२ टेराबाइट, म्हणजे एकूण सुमारे ३८ टेराबाइट दरवर्षी. यात मूळ मुद्रण सर्वांत मोलाचे, कारण आवृत्त्या त्याच्यापासून पुन्हा काढता येतात. राखीव प्रती मूळ मुद्रणाच्याच ठेवाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत असावी. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची रचना) हा डिस्क बिघडल्यास काम चालू ठेवण्याचा उपाय आहे, चुकून पुसलेली फाइल तो परत देत नाही. दोन वर्षे कोणीही न उघडलेल्या व्याख्यानाच्या आवृत्त्या काढून टाकून फक्त मूळ प्रत स्वस्त साठवणुकीत हलवावी, असा काही नियम पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावा, कारण नंतर कोणताही विभाग आपली व्याख्याने हलवू देत नाही.

दहावी पायरी : चाचणी आणि देखरेख

जोडणीचा वेग मोजणे ही स्ट्रीमिंगची चाचणी नव्हे. प्लेलिस्ट वाचून खऱ्या प्लेअरसारखे दर सहा सेकंदांनी तुकडे मागणारे शेकडो कृत्रिम ग्राहक प्रत्येक इमारतीतून चालवावेत आणि त्यांची संख्या टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावी. २,५०० प्लेअर दर सहा सेकंदांना एक तुकडा आणि एक प्लेलिस्ट मागत असतील तर सेकंदाला सुमारे ८३० मागण्या होतात. मागण्यांचा हा भार सर्व्हर सहज पेलतो, गुदमरते ती बहुधा जोडणी. चाचणी कामाच्या वेळीच घ्यावी, आणि ती चालू असताना एक कॅश मुद्दाम बंद करून काय होते ते पाहावे. वाय-फायची चाचणी मात्र खऱ्या फोन-लॅपटॉपनी भरलेल्या खोलीतच करावी लागते, तिला पर्याय नाही.

सेवेची गुणवत्ता राखण्यासाठी पॅकेटांवर प्राधान्याच्या खुणा करायच्या असल्यास आरएफसी ४५९४ मधील विभागणी सोयीची आहे : आवाजी संभाषणासाठी ईएफ, परस्परसंवादी व्हिडिओसाठी एएफ४१ च्या गटातील खुणा आणि मुद्रित स्ट्रीमिंगसाठी एएफ३१ च्या गटातील. प्लेअरकडे साठा असल्यामुळे मुद्रित व्हिडिओला थोडी वाट पाहायला लावता येते, संवादाला येत नाही. या खुणा फक्त आपल्या ताब्यातील नेटवर्कपुरत्या उपयोगी आहेत.

व्यवस्था सुरू झाल्यावर सर्व्हरचा प्रोसेसर किती तापला यापेक्षा प्लेअरकडून येणारे आकडे पाहावेत : चालू होण्यास लागलेला वेळ, पाहण्याच्या एकूण वेळेपैकी थांबण्यात गेलेला वाटा, आणि कोणती आवृत्ती किती वेळ चालली. हे आकडे इमारतीनुसार व जोडणीनुसार वेगळे मांडले की बिघाड लगेच सापडतो. एकाच वसतिगृहात सगळे ३६० रेषांवर अडकले असतील आणि तिथल्या कॅशचे हिट-प्रमाण (कॅशमधूनच भागलेल्या मागण्यांचा वाटा) चांगले असेल, तर दोष वाय-फायमध्ये आहे. हिट-प्रमाणच खाली आले असेल तर टोकन, मुदत किंवा भरलेली डिस्क तपासावी. सगळ्या इमारतींत एकाच क्षणी थांबे दिसले तर एन्कोडर किंवा मुख्य सर्व्हर पाहावा.

मोठ्या थेट कार्यक्रमाच्या आदल्या दिवसापासून नेटवर्क आणि सर्व्हरवर कोणताही बदल करू नये. एन्कोडर दोन असावेत, ते वेगवेगळ्या स्विचवर आणि यूपीएसवर असावेत, आणि कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी स्थिर चित्र व संगीत लावून प्रक्षेपण सुरू करावे, म्हणजे लवकर येणाऱ्यांचे प्लेअर वेगवेगळ्या क्षणी जोडले जातात आणि सुरुवातीची झुंबड पसरते. कार्यक्रम संपताच तेच तुकडे मुद्रित रूपात खुले करावेत. ते कॅशमध्ये आधीच असल्यामुळे उशिरा पाहणाऱ्यांसाठी उपकेंद्रांच्या जोडणीवर नवा भार पडत नाही. संपादित आवृत्ती दुसऱ्या दिवशी आली की ती नव्या पत्त्यावर ठेवावी, जुन्याच नावाने नव्हे, नाहीतर निम्म्या विद्यार्थ्यांना कॅशमधले जुने तुकडे आणि निम्म्यांना नवे असे मिश्रण दिसेल.